‘वऱ्हाड’ शब्दाची व्युत्पत्ति

‘वऱ्हाड’ हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं चालतो. लग्नासाठीं निघालेली मंडळी तें वऱ्हाड, आणि अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व १९९८ सालीं अकोल्यांतून निराळा झालेला वाशीम या जिल्ह्यांचा प्रांत तेंहि वऱ्हाड. ‘वऱ्हाडी’ म्हणजे लग्नाचा पाहुणा, या प्रांताचा रहिवासी कीं येथील बोली, हें प्रसंगावरूनच ठरवावें लागतें. या श्लेषावर विनोद पुष्कळ झाले. परंतु विनोदाचीच व्युत्पत्ति होऊन ती इतिहास म्हणून सांगितली जाऊं लागली, म्हणून तिचा विचार करणें अवश्य आहे.

लौकिक समजूत अशी कीं, रुक्मिणीच्या लग्नासाठीं शिशुपालाचें वऱ्हाड या देशीं उतरलें, त्यावरून देशास हें नांव पडलें. वर्धाकांठचें कौंडिण्यपूर ही भीष्मकाची राजधानी व अमरावतीचें अंबादेवीचें देऊळ हें हरणाचें स्थान, असें लोक मानतात. पण तें वऱ्हाड वधूवांचून परत गेलें! देशानें अशा फसलेल्या लग्नाचें नांव मिरवावें, हें चमत्कारिक दिसतें. शिवाय पुराणांत रुक्मीनें वसविलेल्या नगराचें नांव भोजकट असें येतें, व अचलपुराजवळील चम्मक येथें सांपडलेल्या दुसऱ्या प्रवरसेन वाकाटकाच्या ताम्रपटांत या भागास भोजकट राज्य म्हटलें आहे. म्हणजे कथेशीं जुळणारें प्राचीन नांव उपलब्ध आहे. तें वऱ्हाड नव्हे.

‘विदर्भ’ शब्दाचाच ‘वऱ्हाड’ हा अपभ्रंश, असें दुसरें मत आहे. तें प्राकृताच्या नियमांस धरून नाहीं. ‘र्भ’चा ‘ब्भ’ होतो. शेवटचा ‘ड’ कोठून आणावयाचा? चिखलदऱ्याच्या वैराट व कीचकदरी या स्थळांवरून ‘विराट’ शब्द सुचविणाऱ्यांना ‘ट’चा ‘ड’ साधतो, परंतु आरंभींच्या ‘वि’चा ‘व’ कां झाला हें सांगतां येत नाहीं.

राहिलें अबुल फजलाचें मत. अकबराच्या फौजांनीं १५९६ सालीं हा प्रांत घेतला, व त्याच सुमारास रचलेल्या ‘आईन-इ-अकबरी’त याचें मूळ नांव ‘वरदातट’, म्हणजे वरदा नदीचा कांठ, असें दिलें आहे. हें त्यास एखाद्या पंडितानें सांगितलें असावें. तेवढ्यावरून तें सिद्ध होत नाहीं. तथापि कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त विदर्भाचे दोन भाग करतांना वरदा हीच सीमा धरली आहे, व ‘तट’चें ‘तड’ होणें मराठींत नित्याचें आहे. अकोला मोर्णेवर, वर्धेपासून दूर, हा आक्षेप खरा. पण कांठाचें नांव सबंध प्रांतास मिळाल्याचीं उदाहरणें दुर्मिळ नाहींत.

येथें ‘ह’काराचा प्रश्न उरतो. ‘कुऱ्हाड’ शब्दांतील ‘ह’ मूळच्या ‘कुठार’मधील ‘ठ’ पासून आला. ‘वरदातट’ शब्दांत असा एकहि महाप्राण नाहीं. आतां साक्षी पाहूं. फारशी ग्रंथकार या प्रांतास ‘बरार’ लिहितात. बुऱ्हाणपूर व मरहट्टे लिहितांना ‘ह’ न गाळणारे लेखक येथेंच तो कां गाळतील? दुसरी साक्ष याहून जवळची. महानुभावांच्या सूत्रपाठावरील जुन्या भाष्यांत महाराष्ट्राचीं खंडमंडळें मोजतांना हा प्रांत स्वतंत्र मंडळ धरला असून छापील पाठांत नांव ‘वराड’ असें आहे. यावरून प्रांताचें नांव मूळ ‘वराड’, व लग्नाच्या ‘वऱ्हाड’ शब्दाच्या साहचर्यानें त्यांत ‘ह’ मागाहून शिरला, असा आमचा तर्क आहे. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण यमकासाठीं ‘ह’कारावरच उभी असल्यानें तीहि त्यानंतरची ठरेल.

हा तर्क टिकतो कीं नाहीं, हें पोथ्यांवर अवलंबून आहे. ऋद्धिपूर व अन्य महानुभाव स्थानांतील पोथ्या आणि मोडी दप्तरें ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं नक्कल करतांना ‘वराड’ हें लेखकाचा प्रमाद समजून ‘वऱ्हाड’ करूं नये. तशा एका दुरुस्तीनें पुरावा कायमचा नष्ट होतो. जसें अक्षर तसेंच उतरून शेजारीं पोथीचा शक व स्थळ नोंदवावें. अशा पांचपंचवीस नोंदी एकत्र आल्या म्हणजे ‘ह’कार केव्हां शिरला हें सांगतां येईल, आणि आमच्या तर्काविरुद्ध जुना पाठ सांपडल्यास तोहि तितक्याच आदरानें प्रसिद्ध व्हावा.