जोडसुऱ्या आणि त्यांचा कारागीर

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही जो विषय निवडला आहे, तो प्रथमदर्शनी काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. अमेरिकेतील एका सुरीचा आपल्या लोहार समाजाच्या वार्षिक ग्रंथाशी संबंध काय, असे कोणी विचारल्यास ते अस्वाभाविक म्हणता येणार नाही. परंतु ऐरण आणि भाता ही ज्यांची कुलदैवते, त्यांना जगाच्या पाठीवरील कोणत्याही लोहाराचा इतिहास सर्वस्वी परका नसतो. अशीच समजूत धरून आम्ही ही हकीकत समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेत 'बूई सुरी' या नावाची एक मोठी सुरी फार प्रसिद्ध आहे. पाते लांब व रुंद, टोकाकडे पाठीची बाजू किंचित आत कापून अणकुचीदार केलेली, आणि पाते व मूठ यांच्यामध्ये हात घसरू नये म्हणून धातूची आडवी पट्टी, असे तिचे आज सर्वांच्या परिचयाचे रूप आहे. त्या देशातील शौकीन लोक नामांकित कारागिराकडून अशा सुऱ्या मुद्दाम घडवून घेतात, आणि त्यांतही एकमेकींशी तंतोतंत जुळणाऱ्या दोन सुऱ्यांची जोडी बाळगणे हे विशेष अभिमानाचे मानले जाते. अशी जोडी ज्याच्या घरी असते, तो नेमके कशाचे स्वामित्व बाळगतो, हा आमच्या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यास थोडे मागे गेले पाहिजे.

दि. 19 सप्टेंबर 1827 रोजी मिसिसिपी नदीच्या पात्रात, नॅचेझ गावाजवळच्या वाळवंटावर, दोन गृहस्थांचे द्वंद्वयुद्ध ठरले होते. दोघांनी पिस्तुले झाडली, कोणासही इजा झाली नाही, व उभयतांनी हस्तांदोलन करून प्रकरण मिटविले. परंतु त्यांच्याबरोबर आलेल्या मंडळींत जुनी वैरे होती. त्यांच्यात तेथेच हातघाई जुंपली. जेम्स बूई नावाचा मनुष्य गोळ्या लागून आणि गुप्तीचे वार होऊन घायाळ झाला असताही त्याने आपल्या मोठ्या सुरीने नॉरिस राइट या प्रतिस्पर्ध्यास ठार केले. वर्तमानपत्रांनी ही हकीकत देशभर नेली. पुढे दि. 6 मार्च 1836 रोजी टेक्सासमधील अलामोच्या लढ्यात बूई मारला गेला, आणि त्याची सुरी दंतकथेचा विषय झाली.

आता विचार करण्याजोगी गोष्ट ही, की सुरीस नाव पडले ते चालविणाऱ्याचे. ती घडविली कोणी? जेम्सचा वडील बंधू रेझिन बूई याने 1838 मध्ये वर्तमानपत्रास पत्र लिहून, पहिली सुरी आपण शिकारीसाठी करविली, असे सांगितले. तिचे पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी व सरळ होते. म्हणजे आज जे वळणदार टोक बूई सुरीचे लक्षण समजले जाते, ते त्या मूळ सुरीस नव्हते. प्रत्यक्ष ऐरणीवर ती जेसी क्लिफ्ट नावाच्या लोहाराने घडविली, असे बूई घराण्यात सांगत आले. परंतु रेझिनच्या पत्रात त्या लोहारास श्रेय नाही. ज्याने काम सांगितले तोच कर्ता ठरला!

दुसरी परंपरा आर्कान्सा प्रांतातील वॉशिंग्टन या लहानशा गावची. तेथील लोहार जेम्स ब्लॅक याने बूईसाठी सुरी घडविली, असे त्या भागात मानतात. ब्लॅकचा जन्म 1800 सालचा. फिलाडेल्फियात तो चांदीचा मुलामा देण्याचे काम शिकला, आणि पुढे या सरहद्दीवरील गावी येऊन लोहारकामात पडला. पोलादास पाणी देण्याची त्याची स्वतःची गुप्त रीत होती, व ती तो कोणासही दाखवीत नसे, अशी त्याची ख्याती होती. पुढे सासऱ्याने केलेल्या मारहाणीत त्याची दृष्टी गेली. डॉक्टर जोन्स यांच्या कुटुंबाने त्यास आश्रय दिला, व उर्वरित आयुष्य त्याने त्यांच्या घरी काढले. या डॉक्टरांचे पुत्र डॅनियल वेब्स्टर जोन्स, जे पुढे आर्कान्साचे राज्यपाल झाले, त्यांनी एक हृदयद्रावक आठवण लिहून ठेवली आहे. 1870 साली, आपल्या सत्तराव्या वाढदिवशी, त्या अंध वृद्धाने आपली विद्या त्यांना सांगून ठेवण्याचे ठरविले. कागद-लेखणी घेऊन तरुण जोन्स बसले. परंतु इतक्या वर्षांनी ती कृती ब्लॅकला आठवेना. दोन वर्षांनी, 1872 मध्ये, तो वारला. या कथेतील प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीस उतरतो असे नाही, आणि ब्लॅकनेच बूईची सुरी घडविली यास निर्णायक पुरावाही नाही. तथापि, मुठीत झाकलेली विद्या मुठीतच मावळते, हा तिचा बोध आपल्या समाजास नवा नाही.

इकडे सुरीची कीर्ती वाढतच गेली. 1837 च्या डिसेंबरात आर्कान्साच्या विधिमंडळात खुद्द सभापतीनेच एका सभासदास भर सभागृहात अशा सुरीने ठार मारले. अलाबामाने तिच्या विक्रीवर शंभर डॉलरचा जबर कर बसविला, व टेनेसीने विक्रीच बंद केली. मागणी मात्र हटली नाही. इंग्लंडातील शेफील्ड शहराने हजारो बूई सुऱ्या घडवून अमेरिकेस पाठविल्या. वॉस्टेनहोम या प्रसिद्ध कारखानदाराने तर आपल्या कारखान्यासच 'वॉशिंग्टन' हे नाव दिले. त्या पात्यांवर पेढीची मुद्रा असे. धार लावणाऱ्याचे नाव कोठेही नसे. सहाणेच्या दगडाची धूळ छातीत जाऊन हे धारवाले ऐन उमेदीतच दम्याने खंगत, ही शेफील्डच्या इतिहासातील प्रसिद्ध व दुःखद गोष्ट आहे.

विसाव्या शतकात यंत्राने सुऱ्या होऊ लागल्या, आणि घणाखालची सुरी अमेरिकेतून जवळजवळ नाहीशी झाली. ती परत आणण्याचे मोठे श्रेय मेरीलँडच्या विल्यम मोरान या लोहाराकडे जाते. 1973 साली त्याने पोलादाचे अनेक थर भट्टीत सांधून केलेली, पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटलेली पाती प्रदर्शनात मांडली, आणि कृती लपवून न ठेवता ती इतरांस शिकविली. 1976 मध्ये त्याने सहकाऱ्यांसह पाते घडविणाऱ्या लोहारांची संस्था स्थापिली. 1988 मध्ये या संस्थेची शाळा उघडली ती ब्लॅकच्याच वॉशिंग्टन गावी. जेथे एका लोहाराची विद्या विस्मृतीत गेली, तेथेच ती सर्वांस खुली झाली, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या संस्थेची परीक्षा आपल्या तरुणांनी अवश्य समजून घ्यावी. उमेदवाराने स्वतः घडविलेल्या पात्याने अधांतरी लोंबणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग इमारती लाकडाचे दोन जाड तुकडे तोडायचे. त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पाते शेगड्यात आवळून नव्वद अंशांत वाकवायचे, तरी ते मोडता कामा नये. धार कठीण आणि पाठ चिवट ठेवल्याविना हे साधत नाही. उस्तादपदासाठी हीच कसोटी किमान तीनशे थरांच्या पात्याने द्यावी लागते. जो उत्तीर्ण होतो, तो आपले नाव व पदवीची अक्षरे पात्यावर उमटवितो.

आता जोडीकडे वळू. एक उत्तम सुरी घडविणे कठीण. तिच्यासारखीच दुसरी घडविणे त्याहून कठीण. साचा नसतो, हातोड्याचा प्रत्येक घाव वेगळा पडतो. म्हणून कारागीर दोन्ही पाती शक्यतो एकाच पोलादाच्या तुकड्यातून काढतो, एकाच आचेवर तापवितो, व सारखेच पाणी देतो. मुठींसाठी एकाच फळीचे दोन काप घेतो, म्हणजे लाकडाच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. पाण्यात बुडविताना एक पाते तडकले, तर कित्येकदा दोन्ही पुन्हा आरंभापासून करावी लागतात. एखादी सुरी चांगली साधली तर ती योगायोगाने साधली, असे म्हणता येईल. जोडी साधली की तसे म्हणता येत नाही. म्हणूनच अशा जोडीतील एक सुरी विकली वा हरवली, तर उरलेलीचे मोल निम्म्याहूनही उतरते, असे जाणते लोक मानतात.

आणि या सुऱ्यांत आपल्या देशाचाही अंश आहे. मुठीसाठी शेफील्ड व अमेरिका येथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानातील सांबरशिंगास पहिली पसंती देत. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारताने त्याची निर्यात बंद केली, तेव्हापासून जुन्या साठ्यास सोन्याचे मोल आले. पोलादाची गोष्ट तर याहून थोर आहे. दक्षिणेत मुशीत वितळवून केलेले 'उक्कू' पोलाद शतकानुशतके पश्चिमेस जात असे, आणि दमास्कसच्या नावाने गाजलेल्या तलवारी अशाच पोलादाच्या होत्या. मोरानची थरांची रीत निराळी. परंतु त्याच्या पात्यांस नाव मिळाले ते दमास्कसचेच. 1794 मध्ये मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीस पाठविले. पुढे मायकेल फॅरेडेसारख्या शास्त्रज्ञाने त्याचे रहस्य उलगडण्यासाठी प्रयोग केले. पाठविणाऱ्याचे नाव इतिहासात आहे, तपासणाऱ्याचे आहे. मूस फोडून ते पोलाद काढणाऱ्याचे मात्र नाही.

2024 मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे काही काळासाठी साताऱ्यास आली, तेव्हा ती पाहावयास लोक लोटले. ती शिवछत्रपतींनी वापरलेलीच होत काय, हा वाद विद्वानांचा. त्यांच्या पेटीवर शिवाजीमहाराजांचा उल्लेख आहे, आणि ती ज्यास भेट मिळाली त्या ग्रँट डफचेही नाव आहे. परंतु ती नखे ज्या लोहाराने घडविली, त्याच्यासाठी तेथे एक अक्षरही नाही.

तात्पर्य, जोडसुऱ्यांचा मालक लोखंड आणि लाकूड एवढ्याचाच धनी नसतो. एका मनुष्याचा हात किती स्थिर होता, याची साक्ष तो सांभाळीत असतो. ती साक्ष अमेरिकेत आज बोलू शकते, कारण पात्यावर कारागिराचे नाव आहे आणि त्याची विद्या शाळेत शिकविली जाते. आमची समाजबांधवांस एवढीच विनंती आहे: आपल्या घरी आजोबा-पणजोबांच्या हातची विळी, कोयता, अडकित्ता, फाळ जे काही उरले असेल, ते भंगारात घालू नये. ते कोणी, कोठे व कोणासाठी घडविले, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आजच लिहून ठेवावे. जे आजही भट्टीवर बसतात त्यांनी आपल्या कामावर आपली मुद्रा उमटवावी, व हातची कसब पुढल्या पिढीस मोकळ्या मनाने द्यावी. वृद्ध ब्लॅकसमोर कागद-लेखणी आली, तेव्हा फार उशीर झाला होता. आपल्यावर ती पाळी येऊ नये, हीच विश्वकर्म्याचरणी प्रार्थना.