वेल्डिंग-कार्यपद्धतीचे संहितांतर

एका संहितेप्रमाणे लिहिलेली वेल्डिंगची कार्यपद्धती दुसऱ्या संहितेत उतरविणे हे वरवर पाहता कोष्टके जुळविण्याचे काम वाटते. वस्तुतः येथे दोन भिन्न परंपरांची गाठ पडते. मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन येथे २० मार्च १९०५ रोजी जोड्यांच्या कारखान्यातील बाष्पक फुटून ५८ माणसे दगावली. त्या राज्याने १९०७ मध्ये नियम केले. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची बाष्पकसंहिता १९१४ मध्ये सिद्ध झाली. तीत पुढे आलेल्या नवव्या विभागाचा मुख्य प्रश्न असा, की सांधा भार सोसेल काय? म्हणून नमुना ताणून व वाकवून पाहिला की बहुधा भागते. आघातचाचणी बांधणीच्या संहितेने मागितली तरच करावयाची.

युरोपने १९९२ च्या ईएन २८८-३ मध्ये ही चौकशी अधिक खोल नेली. सांध्यालगतचा तापलेला पट्टा थंड होताना कठीण होतो व तेथे तडे जाण्याचे भय असते. यास्तव तेथील कठिनता मोजावी, सांध्याचा छेद घासून न्याहाळावा, असे तिने ठरविले. अमेरिकी अहवालात हे आकडे सहसा नसतात आणि नमुना तर केव्हाच कापून संपलेला असतो. पोलादाचे गटक्रमांक बदलता येतील. न मोजलेली कठिनता कोठून आणावी? नवा नमुना जोडण्याचा खर्च मग कारखानदाराला चुकत नाही.

आयएसओ १५६१४-१ च्या २०१७ च्या आवृत्तीने अखेर दोन पातळ्या मान्य केल्या : पहिली अमेरिकी धर्तीची, दुसरी युरोपीय परंपरेची. एका वेष्टनात दोन संहिता, असेच याला म्हणावे लागेल. दुसरीत उतरलेली कार्यपद्धती पहिलीतही ग्राह्य धरली जाते. उलट मात्र नाही.