ओढणे सोपे, रोखणे अवघड

निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे आमचे बरेच सहकारी हल्ली एकच बेत सांगतात. मध्यम आकाराची एसयूव्ही घ्यायची, मागे कॅम्पर ट्रेलर जोडायचा आणि जिथे जिथे पोस्टिंग झाले तो मुलूख पुन्हा सवडीने हिंडायचा. पहिला प्रश्न इंजिनाचा असतो: एवढे ओझे ते ओढेल का? तोफखान्याचा इतिहास पाहिला तर त्याआधीचा प्रश्न वेगळाच आहे. उतारावर ते ओझे रोखणार कोण?

आपला तळच मागे ओढत नेण्याची किंमत मराठी वाचकाला वडगावच्या लढाईतून ठाऊक आहे. डिसेंबर १७७८ मध्ये इंग्रजांची फौज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढली. सुमारे ३,९०० सैनिक, तोफा, आणि त्यांच्यामागे सामानाचे १९,००० बैल. ९ जानेवारी १७७९ ला ती कशीबशी तळेगावला पोचली. हा पल्ला आज तासाभराचा आहे. पराभवाची कारणे अनेक होती. सेनापतींचे एकमत नव्हते आणि मराठ्यांनी वाटेतला दाणागोटा जाळून टाकला होता. पण माघार घ्यायची वेळ आली तेव्हा ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून द्याव्या लागल्या, हेही खरे. जे घेऊन मागे वळता येत नाही, ते नेताना दोनदा विचार करावा.

तोफ ओढण्याचे शास्त्र अनेक पिढ्यांच्या अनुभवातून घडले. तोफेला दोनच चाके, तिचे शेपूट जमिनीला टेकलेले. ओढताना ते शेपूट लिंबर नावाच्या दुसऱ्या दुचाकी गाड्यावर अडकवत. म्हणजे वजनाचा काही भाग ओढणाऱ्याच्या बाजूला येई आणि तोफ सरळ मागोमाग चाले. आपल्या शेतकऱ्यालाही हे ठाऊक असते. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाले तर बैलांची मान मोडते. उतारावर तोफेच्या मागे दोर बांधून माणसे तिला रोखून धरत, चाकाखाली लोखंडी पायताण सरकवत.

दुसऱ्या महायुद्धात जनावरांची जागा मोटारीने घेतली, तरी लिंबर गेला नाही. २५ पाउंडर तोफ मॉरिसच्या क्वाड गाडीमागे जाई तेव्हा मध्ये लिंबर असे. त्यात ३२ गोळे मावत. शिवाय तोफेला स्वतःचा फक्त हँडब्रेक होता, त्यामुळे चालताना लागणारे ब्रेक लिंबरच पुरवी. १९४७-४८ मध्ये आणि पुढे १९६५ मध्येही आपल्या तोफखान्याने ही तोफ वापरली. तिचे वजन दीड टनाहून अधिक, म्हणजे एखाद्या मोठ्या कॅम्परएवढे.

जीपचा ट्रेलर त्याच काळातला. जीप सुमारे १,१०० किलोची. ट्रेलर रिकामा अडीचशे किलोचा आणि कच्च्या रस्त्यावर त्यात सव्वादोनशे किलोच माल भरायचा. बेरीज जीपच्या निम्म्याहून कमी. चालताना लागणारे ब्रेक त्या ट्रेलरला नव्हते. ब्रिटनमध्ये आजही बिनब्रेकच्या ट्रेलरला ओढणाऱ्या गाडीच्या निम्मे वजन किंवा ७५० किलो, यांतले जे कमी असेल तेवढीच मुभा आहे.

एसयूव्हीवाल्यांसाठी नियम यातूनच निघतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली ओढण्याची मर्यादा ओलांडायची नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर यावा. हजार किलोच्या कॅम्परचा शंभर ते दीडशे किलो भार गाडीवर येतो, तो गाडीतल्या माणसांच्या आणि सामानाच्या वजनात धरायचा. जड वस्तू आसाच्या जवळ, किंचित पुढे. हिचखाली सुरक्षा साखळ्या एकमेकींवर आडव्या घालायच्या, म्हणजे कपलिंग सुटले तरी दांडा रस्त्यात न रुतता त्यांच्यावर टेकतो.

घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. सतत ब्रेक दाबत उतरले की ते तापून निकामी होतात. ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावू लागला तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा. जोरात ब्रेक मारू नये. ट्रेलरच्या ब्रेकला वेगळा हातनियंत्रक असेल तर तेवढाच हलकेच लावावा. आणि वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे ध्यानात असू द्यावे.

निघण्यापूर्वी पाण्याची टाकी, गॅस, तंबू, सगळे भरून ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. आकडा जास्त आला तर सामान घरीच उतरवावे. तळेगावला ती सोय नव्हती.