डाग

परवा धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. "दादा, थायरॉइडची गाठ कापायची नाही, आतल्या आत जाळायची म्हणतात डॉक्टर. म्हणजे आत्यासारखंच का रे?"

मी गप्पच झालो. आमच्या आत्याला गलगंड होता. मी शाळकरी असताना कुणीतरी तिच्या गळ्यावर तापल्या विळ्याचे दोन डाग दिले. गाठ होती तशीच राहिली, वण मात्र जन्मभर. कडक उन्हाळ्यातही ती पदर गळ्याभोवती घट्ट घेऊन बसायची.

मग सवयीप्रमाणे पुस्तकं काढली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात बारावा अध्याय अग्निकर्माचा आहे. ग्रंथी, अर्बुद यांवर दाह सांगितलाय; पण कुणाला द्यावा, कुणाला देऊ नये, कोणत्या ऋतूत टाळावा, हेही सांगितलंय. गावोगावच्या विळ्यापर्यंत येता येता विस्तव तेवढा उरला, विचार गळून पडला.

युरोपातही फार बरं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गलगंड कापायला चांगले चांगले सर्जन घाबरत, कारण रोगी रक्तस्रावानं जात. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी ही शस्त्रक्रिया सुरक्षित केली. पण 1883 मध्ये त्यांनीच कबूल केलं, की पूर्ण ग्रंथी काढलेले रोगी पुढे सुजतात, मंद होतात. ग्रंथी शरीराला लागते, हे असं कळत गेलं. 1909 चं नोबेल त्यांना मिळालं. आपल्याकडे 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मिठात आयोडीन आलं.

आता बहिणीची गोष्ट. 2000 साली इटलीत लेसरनं अशा गाठी जाळल्याचं प्रसिद्ध झालं, 2006 मध्ये कोरियातून रेडिओ लहरींच्या सुईचे अनुभव आले. कातडी बधिर करतात, सोनोग्राफीत बघत बारीक सुई गाठीत घालतात. सुईच्या टोकाभोवतीचा भाग तापून मरतो आणि पुढच्या महिन्यांत शरीरच तो हळूहळू जिरवतं. बाकीची ग्रंथी शाबूत राहते, त्यामुळे बहुतेकांना जन्मभराची गोळी लागत नाही. मात्र गाठ कर्काची नाही, याची सुईनं तपासणी आधी हवी, तीही शक्यतो दोनदा. शिवाय गाठ पुन्हा वाढूही शकते.

बहिणीची खरी भीती वेगळी होती. ती भजनं म्हणते आणि आवाजाची नस या ग्रंथीला अगदी लागून जाते. तिला धोका थोडा, पण आहे. म्हणून गाठ आणि नस यांच्यामध्ये थंड द्रावण सोडतात, आणि रोगी जागा असल्यानं डॉक्टर मधूनमधून त्याला बोलायला लावून आवाज ऐकतात.

हे सांगितल्यावर ती हसली. "म्हणजे मला विचारत विचारत करणार तर!"

आत्याला कुणी काही विचारलं नव्हतं. दोघांनी धरून ठेवलं होतं, एवढं मला आठवतं.

असो. नाथषष्ठीला बहीण पैठणला यायची आहे. तोवर काय ठरलं ते कळेलच. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे झालं असेल तर जरूर लिहा.