कावसजीचं नाक

असईची लढाई शिकवताना मुलांना तोफा हव्या असायच्या आणि मला बैल. २३ सप्टेंबर १८०३ला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांशी भिडली, ती बैलांच्या पाठीवरून आलेल्या धान्यावर जगत होती. आमच्या भोकरदनच्या पोरांनी ते रान पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांना पटायचं. पण ते बैल हाकणाऱ्यांची नावं विचारली की मी गप्प. असल्या माणसांची नावं इतिहास ठेवत नाही. असईच्या अकरा वर्षं आधीच्या एका लढाईतल्या बैलवाल्याचं नाव मात्र टिकलं, आणि तेही त्याचं नाक गेलं म्हणून.

त्याचं नाव कावसजी. ऐकायला पारशी वाटतं, पण नोंदीत तो मराठा, शेतकरी जातीचा आहे. १७९२च्या म्हैसूरच्या युद्धात तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. रसद आणणारा माणूस म्हणजे फौजेचं पोट, त्याला असं करून परत पाठवलं की बाकीचे आपोआप घाबरतात. ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला पेन्शन दिली. वर्षभराहून जास्त काळ तो नाकाविना राहिला, आणि मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवलं.

ही हकिकत ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पत्ररूपानं छापली गेली. पत्राखाली नुसती आद्याक्षरं. सोबत कावसजीचं चित्र होतं. ते मूळ काढलं जेम्स वेल्सनं. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारा तोच हा वेल्स. क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचंही पत्रात आहे.

कृती वाचताना मला प्रत्येक वेळी वाटतं, हे वैद्यापेक्षा कारागिराचं डोकं आहे. आधी पातळ मेणाचा पत्रा घेऊन नाकाच्या थोटकावर नाकाचा आकार बसवायचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेनं रेघ मारायची. तेवढी कातडी सोलायची, पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मधे एक बारीक पट्टी जोडलेलीच ठेवायची, कारण रक्त तिथूनच येणार. थोटकावरचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा, कडांना चीर द्यायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि त्या चिरेत बसवायची. टाके नाहीत. वरून पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा थर. हो, पानाला लावतात तोच. चार दिवस हात लावायचा नाही, नंतर तुपात बुडवलेल्या पट्ट्या. पाच-सहा दिवस रोग्यानं उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नवं नाक खालून रक्त घ्यायला लागलं की, ती पट्टी तोडायची.

भूल नव्हती. इथरचा उपयोग जगाला दिसला तो १८४६मध्ये.

सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे, पण तिथं कातडी गालाची. कपाळाची युक्ती कधी, कुठं आली यावर मी हुशारी करणार नाही. आपल्याकडे मात्र सगळं श्रेय घाईनं सुश्रुताला देऊन टाकायची सवय आहे, आणि त्यात त्या वीटवाल्याचं उरलंसुरलंही जातं. चित्रकाराचं नाव आहे, साक्षीदारांची आहेत, रोग्याचंही आहे. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याची फक्त जात.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जननं ही हकिकत मनात धरून ठेवली, मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ला एका लष्करी अधिकाऱ्यावर ती शस्त्रक्रिया केली. १८१६मध्ये त्यानं दोन रोग्यांवर पुस्तक काढलं. इकडे जुनागढला त्रिभुवनदास शहा या डॉक्टरनं १८८९मध्ये शंभर नाकांची हकिकत छापली. काठेवाडात दरोडेखोर नाकं कापत आणि हा बसवत असे.

नंतरची कापाकापी आजारानं केली. डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जन हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करू लागले. कुष्ठरोगात नाकाचं आतलं अस्तर जातं आणि नाक बसतं. बाहेरची कातडी असते, पण आधार नसतो. म्हणून आतून कलम लावून ती उचलायची. भुवया गेलेल्या असतात, तिथं डोक्यावरची केसांची कातडी आणायची. आता या भुवईला काय म्हणायचं? भुवईशिवाय माणूस जेवतो, चालतो, शेतात खपतो. पण औषधानं रोग बरा झाला तरी गाव त्याला चेहऱ्यावरूनच ओळखतं आणि मजुरीवर घेत नाही. तर ती भुवई सौंदर्यासाठी की पोटासाठी?

हाच प्रश्न पंढरपूरला जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या डॉ. शरदकुमार दीक्षित विचारतच बसले नाहीत. स्वतःचा कंठ कर्करोगात गेलेला, एक पाय अपघातात अधू. तरी वर्षातले कित्येक महिने भारतात येऊन फुकट शिबिरं घ्यायची. दुभंगलेले ओठ, लोंबलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण. २००१मध्ये पद्मश्री मिळाली, २०११मध्ये ते गेले. औरंगाबादच्या शिबिराला आमच्याकडची माणसं पहाटेच्या एस्टीनं जायची. माझ्या वर्गातली एक मुलगी पदर तोंडावर धरून वाचायची. ओठ शिवून आल्यावर महिनाभर पदर तसाच होता, मग त्याचा तिलाच विसर पडला. तिच्या आईला कुणी विचारलं की कशासाठी केलं, तर ती एवढंच म्हणायची, ‘सोयरीक जमाया पाहिजे ना, सर.’

आज जालन्यात सळ्यांच्या भट्ट्यांवर भाजलेले मजूर असतात, तंबाखूनं जबडा गमावलेले असतात. त्यांना पायाचं हाड काढून नवा जबडा करून देणारे सर्जन मोठ्या शहरात आहेत. नाकाच्या कर्करोगात कपाळाचीच कातडी अजून वापरतात आणि ती जोडपट्टी साधारण तिसऱ्या आठवड्यातच तोडतात. शहरातल्या जाहिरातींत मात्र चांगलं नाक आणखी सरळ करून मिळतं. त्याला माझा आक्षेप नाही, ज्याचे पैसे त्याचं नाक. आक्षेप विमा कंपन्यांना आहे. शोभेचा इलाज असेल तर पैसे नाहीत, आणि शोभा कुठली नि गरज कुठली हे कागदावर ठरवणारा माणूस रोग्याचं तोंड पाहत नाही. त्या मुलीच्या आईचं उत्तर त्यानं कुठल्या रकान्यात लिहिलं असतं?