अंगठ्याची दोरी

मंडळी, आम्हा संगणकवाल्यांचा अंगठा दिवसभर स्पेसबार दाबण्यापुरताच कामाचा. आमच्या साक्रीकडे मात्र विळा, बैलाचा कासरा, कांद्याची गोणी, सगळं अंगठ्याच्याच भरवशावर. म्हणून या वीकांताला अंगठ्यातल्या एका दोरीचा इतिहास.

अंगठ्याच्या मुळाजवळच्या सांध्याला, तर्जनीच्या बाजूने, एक अस्थिबंध असतो. डॉक्टर त्याला लिगामेंट म्हणतात. चिमटीत काही धरलं की अंगठा बाहेर ढळू नये म्हणून तो खेचून धरतो.

१९५५ साली कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरने स्कॉटलंडमधल्या २४ जणांच्या अंगठ्यांवर निबंध लिहिला. हे शिकारीच्या रानांचे राखणदार. जखमी सशांच्या माना मुरगाळणं हे त्यांचं रोजचं काम. वर्षानुवर्षं ताण बसून ही दोरी सैल पडलेली. दुखण्याला नाव मिळालं 'गेमकीपर्स थंब'. पुढे बर्फावर घसरणारे हौशी लोक हातातल्या काठीसकट पडू लागले आणि दोरी एका झटक्यात तुटू लागली. मग तेच दुखणं 'स्कीअर्स थंब' झालं. म्हणजे कष्टकऱ्यांचं नाव मागे पडलं आणि हौशी मंडळींचं पुढे आलं!

खरी गोम १९६२ साली कळली. स्टेनर या स्वीडिश डॉक्टरने दाखवलं की, कधीकधी तुटलेलं टोक उसळून शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर येऊन बसतं. पडदा मध्ये आला की दोन टोकांची गाठच पडत नाही. मग प्लॅस्टर घाला नाहीतर तेल चोळा, ती जुळत नाहीत. शस्त्रक्रियाच लागते.

आता आमच्याकडे बघा. मोटारसायकल घसरते, हँडल हातात असतानाच माणूस पडतो, अंगठा सुजतो. 'लचक भरली' म्हणून हळद-तेल लावतात, नाहीतर हाड बसवणाऱ्याकडे जातात. साधी लचक असेल किंवा दोरी अर्धवट तुटली असेल तर आराम पडतोही. एक्स-रे काढला तरी त्यात हाडच दिसतं, दोरी नाही. त्यामुळे 'फ्रॅक्चर नाही' म्हटल्यावर सगळे निर्धास्त. पण पूर्ण तुटलेली असेल तर काही आठवड्यांनी तीच दुरुस्ती अवघड होऊन बसते आणि चिमटीतला जोर जातो. ज्याची मजुरीच मुठीवर चालते त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

एकलव्याकडे निदान अंगठा मागितला तरी होता, आपण न मागताच देऊन बसतो.

असो. अंगठा सुजला, चिमटीत जोर राहिला नाही, तर तो ओढूनताणून बघू नका. चोळण्याआधी, त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गावी फोन कराल तेव्हा हेही सांगा.