पाण्याखालचे भात

भातकरी बंधूंनो, आणि शाळेत मुलांना शेतीचा धडा देणाऱ्या गुरुजींनो, भात हे पाण्यातले पीक, मग त्याला पुराचे भय कसले, असे आपल्याला वाटते. पण पायाशी पाणी असणे निराळे आणि डोक्यावरून पाणी जाणे निराळे. आठ-दहा दिवस पूर्ण बुडाले की साधे भात बहुधा गेलेच म्हणायचे. बुडालेले रोप हवा गाठण्यासाठी भराभर उंच होऊ पाहते, त्या धडपडीत साठविलेला पिष्टांश खर्चून बसते, आणि पाणी ओसरले की लोळते.

ओडिशात 'ढालपुट्टिया' नावाचे एक जुने भात होते. पाण्याखाली ते वाढच थांबवी, दम धरून राही. त्यातून निवडलेला वाण म्हणजे 'एफआर १३ ए'. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९७० नंतरच्या दशकात तो बुडीत सोसण्यात सरस ठरला. पण उतारा कमी. त्याच्या पहिल्या संकरांना शेतकऱ्यांनी फारसे जवळ केले नाही, आणि त्यांचे तरी काय चुकले? पूर काही दरसाल येत नाही, पोट मात्र रोज भरावे लागते! १९९६ साली झू आणि मॅकिल यांनी हा गुण नवव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले, २००६ साली 'सब१ए' हे जनुक हाती लागले, आणि २००९ साली भारतात 'स्वर्णा-सब१' प्रसारित झाला. उतारा स्वर्णाचाच, फक्त तुसाचा सोनेरी रंग फिकटला. आणि दोन आठवड्यांच्या आसपास बुडीत सोसण्याची ताकद आली. ज्यांनी ढालपुट्टियाचे बी पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्या शेतकऱ्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

आता खताचे. १९५१ साली सिंद्रीला अमोनियम सल्फेट निघू लागले, पुढे युरिया आला, आणि खत जितके जास्त तितके पीक चांगले, अशी समजूत रुजली. पुराच्या तोंडावर भरपूर नत्र दिले तर रोप हिरवेगार, लुसलुशीत होते आणि तेच आधी सडते. सब१ वाणालाही यातून सूट नाही. स्फुरद लावणीच्या वेळीच द्यावे. नत्र मात्र हप्त्याहप्त्याने. पाणी ओसरल्यावर लगेच पोते फोडू नये. पाच-सहा दिवस थांबावे, नवे पान दिसले की हप्ता टाकावा.

ओसरल्या दिवशी शेत मेल्यासारखेच दिसते. त्या दिवशी नांगर घालू नका. एखादे रोप उपटून बुंधा दाबून पाहा. टणक लागला तर त्यात जीव आहे.